तुम्ही जे बोलला नाहीत, त्याबद्दल

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार. (तीन महिने गाडीखाली आडवं पडणाऱ्या माणसाला हा नमस्कार फार सोपा जातो.)

नाव लिहायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतं काका. आभार मानायला घरी आलो असतो तर तुम्ही "बरं, बरं" म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे असं, सगळ्यांच्या देखत.

गाडी 1964 ची आणि सासऱ्यांची, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नजर कमी झाली तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि "सांभाळा" एवढंच म्हणाले. चौथ्या महिन्यात गिअरबॉक्समधून ऑइल टपकायला लागलं. तेव्हापासून त्यांचा प्रत्येक फोन "थांबलं का?" या प्रश्नाने सुरू व्हायचा. नातवंडांची चौकशी त्यानंतर.

तुमच्याआधी मी तीन दारं पुजली होती. पहिल्या मिस्त्रीने मागचं ऑइल सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, बदललं. पंधरा दिवसांत पुन्हा ओलं. परत नेली तर म्हणाला, "साठ वर्षांची गाडी, गळणारच." जणू गळणं हा तिच्या वयाचा मान आहे! दुसऱ्याने गळती बंद करणारं औषध म्हणून एक बाटली आत ओतली आणि वर "हे त्याहून भारी" म्हणत जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल भरलं. तिसऱ्याने गाडी उचललीसुद्धा नाही. हात खिशात ठेवून, उभ्या उभ्या सांगितलं, अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तिघांत एक गोष्ट मात्र सारखी होती. प्रत्येकाने आधीच्याचा उद्धार केला, आणि तोही मोठ्या हौसेने. "कुणी हात लावला होता हो याला?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मलाच अपराधी वाटायला लागलं.

चौथा शहाणा मी. एका रविवारी काळ्या सिलिकॉन सीलंटची ट्यूब घेऊन खाली शिरलो. जिथे ओलं दिसेल तिथे फासलं. वरच्या बाजूला डोळा पोचत नव्हता, तिथे हाताने चाचपडून फासलं. त्यानंतर गळती वाढली. मी कुणालाच काही सांगितलं नाही. सासऱ्यांना तर नाहीच.

मग तुम्ही आलात. पाना काढलाच नाहीत, आधी विचारलंत, "उभी असताना गळते, की लांबून चालवून आणल्यावर?" काका, तीन गॅरेजांत हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. मी म्हणालो, लांबून आल्यावर जास्त. तुम्ही नुसतं "हं" केलंत. मग अख्खा गिअरबॉक्स पुसून लखलखीत केलात आणि घरातून पावडरचा डबा मागवलात. बायकोला वाटलं, तुम्हाला तोंड धुवायचंय. तुम्ही ती पावडर गिअरबॉक्सच्या शेपटीवर भुरभुरलीत आणि मला सांगितलंत, जा, एक चक्कर मारून ये.

ते दृश्य मी विसरणार नाही. पांढऱ्या पावडरवर सीलच्या कडेपासून निघालेली एकच काळसर ओली रेघ. इतके दिवस आम्ही सगळे वाऱ्याने मागे पसरलेलं ऑइल बघत होतो. ते निघतं कुठून, हे कुणी बघितलंच नव्हतं. गिअरबॉक्सपासून मागे जाणारा दांडा, प्रोपेलर शाफ्ट, काढल्यावर तुम्ही माझं बोट धरून योकवर, म्हणजे त्याच्या सीलमधून आत जाणाऱ्या टोकावर, फिरवलंत. नख अडकलं. सीलचा ओठ वर्षानुवर्षं एकाच जागी घासून लोखंडात चर पडला होता. त्या चरावर नवं सील बसवणं म्हणजे वाकड्या चौकटीला नवं दार. तुम्ही त्यावर स्टेनलेस स्टीलची बांगडी चढवलीत, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची, आणि मग सील. दुसऱ्याने भरलेल्या ऑइलचा डबा बघून फक्त मान हलवलीत. जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना जीएल-5 मानवत नाही, जीएल-4 हवं, हे मला तेव्हा कळलं. आणि ऑइल काढताना भरायचं बूच आधी उघडायचं, खालचं नंतर. वरचं उघडलंच नाही तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागतं. (हे मी आता भेटेल त्याला सांगत सुटलोय.)

पण पत्र यासाठी नाही.

सासरे त्या दिवशी खुर्ची टाकून शेजारीच बसले होते. तुम्ही आणि मी गाडीखाली. तुमच्याकडे तो दाताच्या डॉक्टरचा असतो तसा दांडीवाला छोटा आरसा होता. तो गिअरबॉक्सच्या वर सरकवलात, टॉर्च मारलात, आणि थांबलात. आरशात मलाही दिसलं. बोटाच्या पेराएवढी एक टोपी, आणि तिच्यावर काळं सिलिकॉन, माझ्या बोटाच्या ठशासकट. तो ब्रीदर होता. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, ती तिथून बाहेर पडते. मी तेच भोक बुजवलं होतं. हवेला वाट उरली नाही, म्हणून ती ऑइलला सीलच्या ओठावरून बाहेर ढकलत होती. आधी नुसती ठिबकणारी गाडी मी गळकी करून ठेवली होती.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. माझा चेहरा काय झाला असेल ते मला माहीत नाही, पण तुम्हाला सगळं कळलं. वरून सासऱ्यांनी विचारलं, "काय सापडलं?" तुम्ही काडीने ते सिलिकॉन खरवडून काढलंत, तुकडा स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकलात आणि म्हणालात, "माती बसली होती साहेब, ब्रीदरमध्ये. होतं जुन्या गाडीत."

बस, एवढंच.

सासरे हात धुवायला आत गेल्यावर तुम्ही तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवलात. "हे तुझं," म्हणालात आणि हसलात. उपदेश नाही, "पुन्हा असं करू नकोस" नाही. तो तुकडा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

हाताला गुण असलेली माणसं मी पाहिली आहेत. काही तर फारच हुशार. पण दुसऱ्याची चूक हाती लागल्यावर ती चारचौघांत मिरवायचा मोह आवरणारी फार थोडी. त्या तीन मिस्त्रींपैकी एकजण जरी माझ्या जागी बसलेल्या कुणाबद्दल तुमच्यासारखं गप्प राहिला असता, तर मी त्याला पहिल्या फसलेल्या सीलचीही माफी दिली असती. माझ्या नोकरीतही हेच चालतं, आणि खरं सांगायचं तर मीही करतो. गेल्या आठवड्यात एका नव्या मुलाची चूक सापडली. तोंड उघडलं होतं, तुमचा खिसा आठवला. मिटलं.

गाडीखाली तुम्ही ठेवायला सांगितलेला पुठ्ठा आज सत्तावीस दिवस कोरडा आहे. काल सासऱ्यांचा फोन आला. "थांबलं का?" थांबलं, म्हणालो. "मातीच होती तर," म्हणाले. मी हो म्हणालो नाही, आणि नाही म्हणायचंही धाडस झालं नाही.

हे पत्र मोठ्या अक्षरांत छापून घेतलंय, त्यांना वाचता येईल असं. रविवारी नेऊन देणार आहे. त्याच गाडीने.

तुमचा,
ट्यूबवाला