गाडी रुतली तर दोरी कुठे बांधताय?

संपादक साहेब, पावसाळ्यात लोक फोर बाय फोर घेऊन चिखलात नाहीतर कोकणात पुळणीवर उतरतात आणि गाडी रुतली की दोरी थेट टो बॉलला, म्हणजे गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्याला अडकवतात, जीवघेणं आहे हो हे! तो बॉल ट्रेलर ओढायला असतो, झटक्याने तुटला तर गोळीसारखा काच फोडून आत येतो. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला पक्का बोल्ट केलेला रिकव्हरी पॉइंटच (रुतलेली गाडी ओढायची कडी) हवा, बंपरमध्ये पिळून बसवायचा हुक सपाट रस्त्यावर गाडी ओढायला ठीक. आणि इन्शुरन्सचं तर कुणी वाचतच नाही, साध्या पॉलिसीत रेसिंग, रिलायबिलिटी ट्रायल (गाडी किती टिकते याच्या चाचण्या) कव्हर नसतात, ओढ्यात इंजिनात पाणी गेल्यावर परत स्टार्टर मारला तर क्लेम बहुतेक अडकतो, त्याला इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा कव्हर वेगळं घ्यावं लागतं. डीलर लोकांनी डिलिव्हरीलाच हे सगळं गाडीखाली वाकून दाखवायला पाहिजे.

एक वाचक, रोहा