बाई, किल्ल्या आता माझ्याकडे आल्यात

आदरणीय बाई,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र असं चारचौघांत लिहितोय, त्याला कारण तुम्हीच. मे महिन्यात आमच्या बॅचच्या पोरांनी तुमचा सत्कार ठरवला, मंडपवाल्याला सांगितलं, शालही आणली. तुम्ही फोनवर एका वाक्यात विषय मिटवलात, "शालीचे पैसे शाळेच्या फॅनला द्या." फॅन लागले, दोन. त्यातला एक खडखड करतो. पण आभार मानायचे राहिले ते राहिलेच. रागावलात तरी चालेल. आता तुम्ही रिटायर आहात, मला वर्गाबाहेर उभं करता येणार नाही.

लिहायला बसलो त्याचं निमित्त वेगळंच आहे. या जूनमध्ये मला, मी शिकवतो त्या शाळेत, प्रयोगशाळेचा चार्ज मिळाला. चार्ज म्हणजे सुतळीत ओवलेल्या अकरा किल्ल्या आणि एक जाडजूड जडवस्तू संग्रह नोंदवही, आपल्या भाषेत डेडस्टॉक. आधीच्या सरांनी सह्या घेतल्या आणि जाता जाता सांगितलं, "कपाट तपासणीच्या दिवशीच उघडायचं. एक नग कमी निघाला तर तुमच्या अंगावर येईल." त्यांचंही अगदीच चूक नाही. नोंदवहीत सहा लिहिलेत तर सहा दिसायला पाहिजेत. एखादा फुटला तर निर्लेखनाचा, म्हणजे तो नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव करा, समिती बसवा, वरची मंजुरी आणा. त्यापेक्षा कुलूप सोपं. मी कपाट उघडलं तर आतल्या सूक्ष्मदर्शकाची प्लास्टिकची पिशवी अजून फाडलेलीसुद्धा नव्हती. नोंदवहीत त्याची तारीख पाहिली. तो आला तेव्हा शाळेत असलेली पोरं आता लेकुरवाळी झाली असतील.

कपाटासमोर उभा असताना मला आपलं मोजपात्र आठवलं.

तुमच्या लक्षात नसेल. आठवीत होतो. काचेचं ते उंच मोजपात्र धुवायला मी टाकीवर निघालो, हात ओले होते, आणि ते पायरीवर पडलं. आवाज एवढा झाला की शेजारच्या वर्गातले सर बाहेर आले. माझ्या पोटात गोळा. घरी कळलं तर मार ठरलेला, आणि भरून द्यायला पैसे कुठले? तुम्ही आलात. आधी माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, कुठं लागलंय का. मग ऑफिसातून ती वही आणायला लावलीत आणि मलाच म्हणालात, "लिही." काय लिहायचं ते मला कळेना. तुम्ही सांगितलंत, "मोजपात्र, नग एक. कारण: वापरताना फुटले." खाली तुमची सही. नंतर कपाटातलं दुसरं मोजपात्र काढून माझ्याच हातात दिलंत. "जा, हे धुऊन आण."

टाकीपर्यंत मी असा चाललो, जसा कोणी देवीचा कलश घेऊन चालतो.

बी.एड.ला असताना साताऱ्याकडचे मित्र विचारायचे, "जिल्हा परिषदेचं हायस्कूल? असतं का असं काही?" त्यांच्याकडे हायस्कूल म्हटलं की कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काढलेली रयत, नाहीतर दुसरी एखादी संस्था. जिल्हा परिषद म्हणजे चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत. आपल्या मराठवाड्याची गोष्ट निराळी. निजामाच्या राजवटीतल्या सरकारी शाळा पुढे जिल्हा परिषदांकडे आल्या, म्हणून इथे दहावीपर्यंतचं हायस्कूलही परिषदेचं. मित्रांना हे सांगताना मला उगाचच छाती फुगल्यासारखं व्हायचं. बोलायचो मात्र मोजपात्राबद्दलच. इमारतीबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं. सात नंबरची खोली पावसाळ्यात गळायची, इंग्रजीची जागा दीड वर्ष रिकामी होती आणि तुम्ही मुख्याध्यापक असूनही आमचे इंग्रजीचे तास घ्यायचात. उच्चार तुमचे काही खास नव्हते, हे आज सांगायला हरकत नाही.

तेच आठवीचं वर्ष, २०१२-१३. दुष्काळाचं. गावात टँकर, जनावरं छावणीवर, आणि तुमच्या डोक्यात एनएमएमएसची, म्हणजे गरीब घरच्या मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा. आजूबाजूच्या शाळा चार हुशार पोरं निवडून तयारी करून घेत. तुम्ही नियमात बसणारा एकेकजण बसवलात. मला गणितात गती नाही असं सगळ्यांचं मत होतं, माझंही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तुम्ही तहसीलला किती खेपा घातल्यात ते मला पुढे स्वतःच्या विद्यार्थ्यांचे दाखले काढताना कळलं. महिन्याला ५०० रुपये, नववी ते बारावी. ४८ महिने, २४,००० रुपये. अकरावीला तालुक्याला खोली घेऊन राहिलो ते त्याच्यावर. ही रक्कम एप्रिल २०१७ पासून महिन्याला १,००० झाली, म्हणजे माझी बारावी संपली आणि दुप्पट झाली. आमचं नशीब असंच.

आता ती गोष्ट, जी मी आजवर कुणाला नीट सांगितली नाही.

नववीत होतो. दसरा झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्यांची हलवाहलव सुरू झाली. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली होती आणि त्या हिशोबात मला अर्धा कोयता धरलं होतं (तोडणारी जोडी म्हणजे एक कोयता). तुम्हाला कुणी सांगितलं माहीत नाही. संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात, बाजेवर बसलात, मायनं केलेला कोरा चहा प्यायलात. मला वाटलं, आता शिक्षणाचं महत्त्व सांगणार आणि दादा चिडणार. तुम्ही तसलं काही बोललाच नाहीत. कारखाना कोणता, निघणार कधी, परत यायला गुढीपाडवा होईल का, हे सगळं विचारून छोट्या डायरीत लिहून घेतलंत. मग विचारलंत, "पोराच्या जेवणाचं कोण बघणार?"

दादा म्हणाले, "म्हणून तर संगं नेतोय."

"ते शाळा बघेल," तुम्ही म्हणालात.

शाळा म्हणजे कोण? हंगामी वसतिगृह होतं ते आठवीपर्यंतच्या लेकरांसाठी. दुपारची खिचडीसुद्धा आठवीपर्यंतच. नववीत गेलं की सरकारच्या लेखी आपल्याला भूक लागत नाही. नववी-दहावीच्या आम्हा अकरा जणांसाठी कुठल्याच योजनेत खर्चाचा हेड नव्हता. प्रत्येक घरानं जाताना ज्वारी दिली, कुणी पायली, कुणी दोन पायल्या. किराणा वाण्याकडे तुमच्या नावावर. शेजारच्या मावशी भाकरी थापायच्या. आम्ही सात पोरं सात नंबरच्या खोलीत झोपायचो (दिवाळीनंतर ती गळत नाही), आणि चारही मुली तुमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. त्यातल्या एकीचं त्या साली लग्न उरकायचं घरात घाटत होतं. जोडीचा कोयता झाला की उचल जास्त मिळते, हे काही तुम्हाला नवीन नव्हतं. ती मुलगी आज नर्स आहे. लग्नही झालं, पण तिच्या सवडीनं.

आणि रविवारचा फोन. रात्री आठ वाजता तुमचा साधा नोकियाचा फोन ऑफिसच्या टेबलावर, आणि आम्ही रांगेत. प्रत्येकाला दोन मिनिटं. पलीकडून फडावरचा वारा ऐकू यायचा. माय विचारायची, "जेवलास का?" दादा फोन घ्यायचे आणि बोलायचे काहीच नाहीत. दोन मिनिटं संपली तरी तुम्ही त्या वेळी घड्याळाकडे बघायचा नाहीत. रिचार्ज कोण मारत होतं, हे विचारायची अक्कल तेव्हा नव्हती.

खो-खोचं आणि चित्रकलेचं लांबण लावत नाही. मुलींचा संघ तालुक्याला जिंकून जिल्ह्याला पहिल्याच सामन्यात हरला. त्या दिवशी परतीची एसटी चुकली आणि तुम्ही सगळ्यांना स्टँडवर भजी खाऊ घातलीत, एवढं पुरे. एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या ग्रेड परीक्षांना शाळेतून तीसेक जण बसायचे, आणि चित्रकलेला वेगळे सर नव्हतेच. अक्षरलेखन गावातल्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकाकांनी शिकवलं. त्यांना तुम्ही रीतसर वर्गात खुर्ची दिलीत. काकांना इतका मान आयुष्यात तेवढ्यापुरताच मिळाला असावा. त्यांच्या दुकानाच्या पाटीवर पुढे बरीच वर्षं "चित्रकला शिक्षक" असं होतं.

पण माझ्या मते आपली शाळा खरी कळायची ती निकालाच्या दिवशी. आपल्या कमानीवर शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स कधी लागला नाही. लागायचा तो रस्त्यापलीकडच्या शाळेवर. तो कसा लागतो हे आता मास्तर झाल्यावर आतून पाहिलंय. आठवीपर्यंत नापास करता येत नव्हतं, मग गाळणी नववीत. कच्चं पोर नववीतच अडकवायचं, नाहीतर पालकाला बोलावून समजुतीनं १७ नंबरचा फॉर्म हातात द्यायचा, म्हणजे ते बाहेरून बसलं, शाळेच्या निकालात धरायला नको. उरलेले पास. फ्लेक्सवर हेडसरांचा फोटो.

आमच्या नववीत तेराजण कच्चे होते. गावातले काही मोठे लोक तुम्हाला सांगून गेले होते की यंदा जरा बघून घ्या, शाळेचं नाव होईल. तुम्ही त्या तेरा जणांना दहावीत घेतलंत आणि वर्षभर सकाळी सातला गणिताला बसवलंत. मार्च २०१५ च्या परीक्षेचा आमचा निकाल लागला. ४१ पैकी ३७ पास. वरच्या ऑफिसातून खुलासा मागवला गेला, निकाल कमी का. मी टीसी न्यायला आलो होतो, तेव्हा क्लार्ककाकांच्या टेबलावर तुमच्या खुलाशाची स्थळप्रत पाहिली. काका बघू देत नव्हते, मी वाकून वाचली. वाचायला वेळ लागलाच नाही, कारण मजकूर एकच ओळ होता: "नववीचा पट ४१, दहावीला बसविलेले ४१."

खाली तीच सही. मोजपात्राच्या खाली होती ती.

त्याच वर्षी बोर्डानं पहिल्यांदाच जुलैत फेरपरीक्षा घेतली. चारातले तिघं त्यात निघाले. चौथ्याचा आज टेम्पो आहे. मंडपाचं सामान मे महिन्यात तोच घेऊन आला होता, आणि सत्कार रद्द झाला तरी त्यानं भाडं घेतलं नाही.

बाई, २०२४ ला शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून माझी नेमणूक झाली तेव्हा मी तुम्हाला पेढे घेऊन आलो होतो. तुम्ही विचारलंत, "पट किती?" पगार किती, शाळा किती लांब, हे सगळे विचारतात. तुम्ही पट विचारलात. मला सांगता आला नाही. आता पाठ आहे: नववी ३६, दहावी ३३. ते मधले तीन कुठं गेले, हे मी रुजू झाल्यापासून शोधतोय. एकाचा पत्ता लागला, चाकणला हेल्पर आहे. दुसऱ्याचे वडील फोन उचलत नाहीत. तिसऱ्याच्या गावी येत्या रविवारी जाणार आहे. डायरी घेतलीय, छोटी.

गेल्या मंगळवारी नववीला सूक्ष्मदर्शक काढला. कांद्याचा पापुद्रा, त्यावर आयोडीनचा थेंब. ३६ पोरं, एकच यंत्र, म्हणून दोन तास गेले. भिंगाला डोळा लावून एक मुलगी म्हणाली, "सर, विटांची भिंत आहे." मागून ढकलाढकली झाली आणि काचपट्ट्यांचा डबा खाली गेला. सहा फुटल्या. वर्ग गप्प. हात मी तपासले. वही आणायला लावली, पोरगा लिहायला बसला, कारणाच्या रकान्यापाशी थांबून माझ्याकडे बघायला लागला. पुढचं मला पाठच होतं.

सही करताना मात्र हात थोडा थरथरला, खोटं कशाला सांगू. तुम्ही केलीत तेव्हा तुमचा थरथरत होता का, हे मला त्या वयात दिसलं नसावं.

एक काम आहे. निर्लेखनाचा प्रस्ताव तुम्ही कसा लिहायचात, त्याची एखादी जुनी प्रत घरात असेल तर काढून ठेवा. दिवाळीत येतो. माय म्हणाली, बाईंना जवसाची चटणी न्यायची, तेव्हा नाही म्हणू नका. ती सत्कारात धरत नाहीत.

तुमचा विद्यार्थी,
हजेरी क्रमांक २३
(२०१५ ची बॅच)