बोर्दो येथील रात्रमुक्कामात जहाज कोणत्या धक्क्यावर लागणार, हे न सांगितल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आपल्या ग्राहक सेवा कक्षाशी झालेले संभाषण नुकतेच संपले आणि त्यातून काहीही हाती न लागल्यामुळे हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे. माझा प्रश्न एकच आहे: आपल्या क्रूझच्या फ्रान्समधील बोर्दोच्या रात्रमुक्कामात जहाज शहरातल्या गारोन नदीच्या धक्क्याला लागणार आहे, की जिरोंद खाडीच्या मुखाशी असलेल्या ल व्हर्दों बंदराला?

या दोन ठिकाणांमध्ये सुमारे १०० किलोमीटरचे अंतर आहे, हे आपल्याला माहीत असणारच. तरीही आपल्या माहितीपत्रकात दोन्हींचे नाव ‘बोर्दो’ असेच आहे. छायाचित्र अर्थातच बोर्दो शहरातल्या प्लास द ला बुर्स या प्रसिद्ध चौकाचे छापले आहे, ल व्हर्दोंचे नव्हे. पूर्ण रक्कम भरल्यानंतर आलेल्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र तळाशी, बारीक अक्षरांत, ‘परिस्थितीनुसार बोर्दो किंवा ल व्हर्दों’ असे लिहिले आहे. ही परिस्थिती म्हणजे नेमकी कोणती? भरती-ओहोटीची कोष्टके कितीतरी आधी तयार असतात. मोठे जहाज शहराच्या मध्यवर्ती धक्क्यापर्यंत आणायचे, तर २०१३ साली सुरू झालेला शाबान-देल्मास पूल उचलावा लागतो आणि त्याचे वेळापत्रक वाहनचालकांसाठी आगाऊ जाहीर होते. म्हणजे आपले जहाज केव्हा येणार, हे बोर्दोतल्या टॅक्सीचालकाला कळू शकते. पैसे भरलेल्या प्रवाशाला तेवढे कळत नाही.

हा प्रश्न मी हट्टापायी विचारत नाही. जहाज शहरात असेल, तर सँ-जाँ स्थानकावरून रेल्वेने साधारण अर्ध्या-पाऊण तासात सेंट एमिलियॉन या वाइनसाठी प्रसिद्ध गावी जाता येते, संध्याकाळ शहरात घालवता येते आणि दुसरा दिवस मेदोक या वाइनच्या प्रदेशासाठी मोकळा राहतो. रात्रमुक्कामाचे जादा पैसे आम्ही त्यासाठीच मोजले आहेत. जहाज ल व्हर्दोंला असेल, तर सगळा बेतच उलटा करावा लागेल, कारण मेदोकमधली पोयाक आणि मार्गो ही गावे त्याच काठावर आहेत, पण सेंट एमिलियॉन पलीकडे आहे आणि जिरोंदवर एकही पूल नाही. बसला खाली बोर्दोपर्यंत येऊन वळसा घ्यावा लागेल आणि जाण्यायेण्यातच चार तास सहज जातील. आपल्या यादीतली ‘सेंट एमिलियॉन, अर्धा दिवस’ ही सहल मात्र एकूण साडेचार तासांची आहे. ल व्हर्दोंहून निघाल्यास तेवढ्या वेळात तिथे पोहोचून फक्त बस वळवता येईल. शिवाय नामांकित शातोंमध्ये, म्हणजे द्राक्षमळे असलेल्या वाइननिर्मात्यांच्या वास्तूंमध्ये, आधी वेळ ठरवल्याशिवाय सहसा प्रवेश मिळत नाही, रविवारी अनेक बंद असतात, आणि आपल्या मुक्कामाचा दुसरा दिवस रविवार आहे. धक्का माहीत नसताना मी त्यांना कोणती वेळ कळवायची?

हे सारे मी आजच्या प्रतिनिधींना शांतपणे सांगितले. ते म्हणाले, “जहाज बोर्दोलाच लागेल, मॅडम.” मी विचारले, शहरात की ल व्हर्दोंला? त्यावर मला बराच वेळ संगीत ऐकवण्यात आले आणि मग उत्तर आले, “मॅडम, जहाज पाण्यातच उभे राहील, आपण निश्चिंत राहा.” त्याविषयी मला तोवर चिंता नव्हती. साडेचार तासांच्या सहलीचा हिशेब मी मांडला, तेव्हा “आमच्या बसगाड्या वेगाने जातात” असे सांगण्यात आले. मी पुन्हा धक्क्याचे नाव विचारले. तेव्हा त्यांनी, बहुधा मदत करण्याच्याच हेतूने, सुचवले, “वाइनसाठीच जायचे असेल, तर ती जहाजाच्या बारमध्येही मिळते, आणि तिथे अंतराचा प्रश्नच येत नाही.” त्यानंतर या संभाषणाला एक ते पाच यांपैकी किती गुण द्याल, असे मला विचारण्यात आले.

जाता जाता हेही नमूद करते, की त्याच सहलीच्या वर्णनात ‘१८५५ च्या वर्गीकरणातील सेंट एमिलियॉनचे शातो’ दाखवण्याचे आश्वासन आहे. बोर्दोच्या वाइननिर्मात्यांच्या १८५५ मधील त्या दर्जावार वर्गीकरणात सेंट एमिलियॉन नव्हतेच. त्याचे स्वतंत्र वर्गीकरण १९५५ पासूनचे आहे. सहल विकणाऱ्याला एवढे माहीत असावे, ही अपेक्षा अवाजवी असल्यास तसे कळवावे.

आपल्या कंपनीची शिफारस मी आजवर अनेकांना केली आहे. ती यापुढे होणार नाही, आणि या वागणुकीमुळे झालेली निराशा सवलतीच्या कुपनाने भरून निघणार नाही, त्यामुळे कृपया ते पाठवू नये.

धक्क्याचे नाव, जहाज लागण्याची व सुटण्याची वेळ, आणि ल व्हर्दों ठरल्यास सेंट एमिलियॉनच्या सहलीचे सुधारित वेळापत्रक मला सात दिवसांत लेखी हवे आहे. ते न मिळाल्यास सहलींची पूर्ण रक्कम कपात न करता परत करावी. अन्यथा मी बँकेमार्फत त्या शुल्कास हरकत नोंदवीन आणि ‘बोर्दो’ या नावाखाली नेमके काय विकले गेले, याची दाद ग्राहक आयोगाकडे मागेन. उत्तर ईमेलनेच द्यावे. दूरध्वनी करू नये, आणि जहाज पाण्यात असेल हेही पुन्हा कळवू नये.

आपली एक प्रवासी

सोबत: आरक्षणाची प्रत, कार्यक्रमपत्रिकेचे ते पान (बारीक अक्षरे अधोरेखित केली आहेत)