'व्हिजिट'वर आखातात पाठवणाऱ्या एजंटांना आवरा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या दापोली, मंडणगड, खेड भागात 'मुलगा दुबईला गेला' हे अभिमानाने सांगितले जाते आणि त्यात गैर काही नाही. आखाती कमाईवर इथली कितीतरी घरे चिरेबंदी झाली, मुलीबाळी शिकल्या. मात्र अलीकडे कोणत्या व्हिसावर गेला असे विचारले, तर पुष्कळ घरांतून 'व्हिजिटवर', म्हणजे फिरायला जाण्याच्या व्हिसावर, असे उत्तर येते आणि त्याची मुदत कोणत्या तारखेला संपते, हे घरातल्या एकालाही सांगता येत नाही. हे पत्र त्या तारखेविषयी आहे.

माझा पुतण्या २०२३च्या अखेरीस असाच गेला. एजंटाने एक लाख दहा हजार रुपये घेतले आणि त्यासाठी सूनबाईच्या पाटल्या पतपेढीत गहाण पडल्या. 'आधी साठ दिवसांच्या व्हिजिटवर जा, आत गेल्यावर कंपनी व्हिसा बदलून देते,' असे त्याला सांगण्यात आले. संयुक्त अरब अमिरातीत असा बदल कायदेशीर मार्गाने होऊ शकतो, हे खरे आहे आणि म्हणूनच ही थाप सहज पचते. परंतु कामाचा परवाना हाती येण्यापूर्वी व्हिजिटवर काम करणे तिथे गुन्हा आहे, ही दुसरी बाजू एजंट सांगत नाही. पुतण्या पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी कामाला जुंपला गेला, पासपोर्ट मुकादमाने 'कागदपत्रांसाठी' म्हणून ठेवून घेतला, आणि साठ दिवस उलटले तरी 'कागद टाकलेत, होईल' यापलीकडे उत्तर मिळाले नाही.

मुदत संपल्यानंतर तिथे दिवसाला ५० दिरहम दंड लागतो. पूर्वी व्हिजिटवाल्यांना मुदतीनंतर दहा दिवसांची सवलत मिळत असे, तीही आता राहिलेली नाही. म्हणजे महिन्याला १,५०० दिरहम दंड चढत होता आणि त्याला कबूल केलेला पगार होता १,२०० दिरहम. हा हिशेब त्याने मला फोनवर सांगितला, तेव्हा मी तो कागदावर पुन्हा मांडून पाहिला. पोराने महिनाभर उपाशी राहून सगळा पगार भरला असता, तरी दंड वाढतच गेला असता. त्यातही शेवटचे तीन महिने पगार मिळालाच नाही, आणि स्वतःचेच वास्तव्य बेकायदा असताना तक्रार करायला जाण्याची त्याची हिंमत होईना. अशा माणसांना तिकडे आपली माणसे 'खल्लीवल्ली' म्हणतात. त्या दिवसांत त्याची दाढ सुजली होती. दवाखान्यात ओळखपत्र मागतील या भीतीने त्याने अकरा दिवस लवंग धरून काढले. खोलीतले सोबती बाजारात जात, तेव्हा हा दार लावून आत बसे.

त्याची सुटका केवळ योगायोगाने झाली. अमिरातीच्या सरकारने १ सप्टेंबर २०२४पासून माफी योजना जाहीर केली, जी पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. तोपर्यंत सव्वादोनशे दिवसांचे सव्वाअकरा हजार दिरहम, म्हणजे अडीच लाख रुपयांहून अधिक दंड त्याच्या नावावर चढला होता. तो माफ झाला, पुन्हा प्रवेशाची बंदी लागली नाही, आणि चौदा दिवसांच्या मुदतीचा आउटपास, म्हणजे देश सोडण्याचा परवाना, घेऊन तो परतला. मात्र अशी योजना सरकारच्या मर्जीने येते, कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही, आणि तिची वाट पाहत बसणे हा अतिशय धोक्याचा जुगार आहे. मुदत संपल्यावर दहाव्या दिवशी उठून वकिलातीकडे गेला असता, तर ५०० दिरहमांत विषय मिटला असता, हे तो स्वतःच आता सांगतो.

एजंटांना व्हिजिट व्हिसा इतका प्रिय का, हेही वाचकांनी समजून घ्यावे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना आखातासह १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी 'एमिग्रेशन क्लिअरन्स', म्हणजे नोकरीसाठी देशाबाहेर जाण्याची सरकारी परवानगी, घ्यावा लागतो. त्यासाठी नोकरीचा करार लागतो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचे १० लाखांचे अपघाती संरक्षण लागते. फिरायला जाणाऱ्याला यातले काहीच लागत नाही. त्यामुळे मुलगा सरकारी नोंदीत 'पर्यटक' म्हणून जातो आणि उद्या बांधकामाच्या परांचीवरून पडला, तर त्याच्या घरच्यांच्या हाती ना करार असतो, ना विमा. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. आमच्याकडून त्याच्या तिपटीहून जास्त घेतले गेले, आणि आम्ही शिकलेल्या माणसांनीही त्या एजंटाची नोंदणी आहे का, हे सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर तपासले नाही, याची मला आजही खंत वाटते.

विनानोंदणी भरती करणाऱ्याला १९८३च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, परंतु दंडाची कमाल मर्यादा केवळ २,००० रुपये आहे. एका मुलामागे लाख मिळवणाऱ्याला ही रक्कम म्हणजे काहीच नव्हे. संसदेने ती वाढवावी हे तर झालेच, पण जिल्हा पातळीवर करता येण्याजोगी एक साधी गोष्ट मला सुचवायची आहे. पासपोर्टच्या पडताळणीसाठी प्रत्येक मुलाचा पोलिसांशी संबंध येतोच. त्याच वेळी त्याच्या हाती मराठीतले एक पानी पत्रक द्यावे: व्हिजिटवर काम करू नका, मुदतीची तारीख घरात लिहून ठेवा, पासपोर्ट कोणाच्या ताब्यात देऊ नका, आणि सोबत तिथल्या भारतीय वकिलातीचा दूरध्वनी क्रमांक. रत्नागिरीच्या पोलीस अधीक्षकांनी आणि पालकमंत्र्यांनी यात लक्ष घालावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पुतण्याला पाठवणाऱ्या एजंटाविरुद्ध आम्ही लेखी तक्रार दिली आहे. त्याचे दुकान अद्याप उघडे आहे आणि या महिन्यातही तिथून मुले व्हिजिटवर गेली आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी