सीटीवाल्या दादांना, वॉर्डाकडून

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

जुनाट स्वादुपिंडदाहाचा रुग्ण, हिमोग्लोबिन उतरलेलं, आणि चिठ्ठीवर आम्ही घाईत लिहिलेलं फक्त 'पोटाचा सीटी, डाय देऊन' (डाय म्हणजे शिरेतून दिलं जाणारं, सीटीत पांढरं दिसणारं औषध). अशा वेळी तुमचा फोन येतो, "शौच काळी आहे का?" त्या फोनबद्दल हे आभार.

या आजारात स्वादुपिंडाचा पाचक रस शेजारच्या धमनीची भिंत कुरतडतो, बहुतेक वेळा प्लीहेच्या धमनीची. तिथे स्यूडोॲन्युरिझमचा, म्हणजे कुरतडलेल्या भिंतीतून बाहेर आलेल्या रक्ताचा, फुगा तयार होतो. तो स्वादुनलिकेत फुटला तर रक्त थांबून थांबून आतड्यात उतरतं. आधी पोट दुखतं, रक्त बाहेर पडलं की दुखणं हलकं होतं, मग डांबरासारखी शौच. नेमकी त्या मधल्या वेळात एंडोस्कोपी झाली तर सगळं स्वच्छ दिसतं!

म्हणून तुमच्या तिन्ही फेज, म्हणजे वेगवेगळ्या वेळी काढलेल्या प्रतिमा. आधी प्लेन, म्हणजे डाय न देता, कारण नलिकेतले खडे मुळातच पांढरे. प्लेन नसेल तर खडा कुठला आणि सांडलेला डाय कुठला, हे ओळखता येत नाही. मग डाय दिल्यावर साधारण ३० सेकंदांवर धमनीची फेज. त्यात फुगा महाधमनीइतका लख्ख उजळतो. ७० सेकंदांची, म्हणजे शिरांची, एकच फेज घेतली तर छोटा फुगा सहज निसटतो. हाताच्या पाठीवर २२ नंबरची बारीक निळी कॅन्युला (शिरेत घातलेली नळी) दिसली की तुम्ही रुग्ण परत पाठवता; सिस्टर कुरकुरतात, पण सेकंदाला ४-५ मिली डाय जायला कोपराजवळ १८ नंबरची हिरवीच हवी. प्यायलाही डाय न देता साधं पाणी देता, नाहीतर आतड्यातलं रक्त त्या पांढऱ्यात झाकलं जातं.

७० सेकंदांची फेजही तुम्ही गाळत नाही, ते बरंच. प्लीहेची शीर स्वादुपिंडाच्या पाठीला चिकटून जाते, सुजेने तीत गुठळी होते. इंदूरच्या राजवाड्यासमोरचा रस्ता बंद झाला की गाड्या सराफ्याच्या गल्ल्यांत शिरतात, तसं रक्त जठराच्या बारीक शिरांत शिरतं आणि त्या फुगतात. यकृत धडधाकट असूनही अशा रुग्णाच्या फाइलवर सिरॉसिस हा यकृताचा आजार लिहिलेला आम्ही पाहिलाय, कारण त्यातही या शिरा फुगतात.

सर्वांत मोठे आभार स्यूडोसिस्टबद्दल, म्हणजे स्वादुपिंडाजवळ साचलेल्या द्रवाच्या पिशवीबद्दल. ड्रेनेजच्या (तो द्रव काढायच्या) यादीतल्या रुग्णाची धमनीची फेज झालेली नसेल, तर तुम्ही आठवण करून देता. सिस्टच्या भिंतीत फुगा दडलेला असेल आणि आतला दाब एकदम उतरला, तर रक्तस्राव आवरता आवरत नाही. फुगा केवढा आहे याला इथे महत्त्व नाही. छोटाही बंद करावाच लागतो, तोही दोन्ही बाजूंनी: आधी पलीकडे कॉइल (धमनी बुजवणारी तारेची गुंडाळी), मग अलीकडे. फक्त अलीकडे टाकली तर जोडधमन्यांतून रक्त मागच्या दाराने परत येतं. धमनीतून नळी (कॅथेटर) नेऊन हे काम जिथे होतं, त्या कॅथलॅबसाठी तुम्ही १ मिमीच्या पातळ कापांच्या प्रतिमा पाठवता, त्यावरून कॅथेटर कुठून न्यायचा हे आधीच ठरतं.

यापुढे चिठ्ठीवर तिन्ही फेज आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तचाचणी) आम्हीच लिहू. राहिलं तर फोन कराच, रात्री दोन वाजता असला तरी.

आपले,
पोटविकार वॉर्डातले डॉक्टर, इंदूर