प्रदर्शनातल्या गाड्या सुरू करूनही बघा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजच्या गॅदरिंगला, दिवाळीच्या सुट्टीत, कधी मंडळाच्या मैदानावर आपल्या भागातली हौशी मुलं नव्याने उभ्या केलेल्या गाड्या बॉनेट उघडून मांडतात. बेळगाव-चिकोडीकडच्या केए २२ आणि केए २३ पाटीच्या, शेजारी कोल्हापूरच्याही. या गाड्यांना बक्षिसं देणाऱ्या आयोजकांना आणि परीक्षकांना एक विनंती करायची म्हणून हे पत्र. मी बेळगावच्या उद्यमबागेत ऑटो इलेक्ट्रिशियन आहे आणि अशा गाड्यांचं वायरिंग माझ्याकडे येतं.

मुलांच्या कामाचं मला मनापासून कौतुक आहे. खानापूरकडच्या एका मुलाची मारुती ८०० माझ्याकडे आली होती. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं साधं इंजिन. त्याने बॉनेटखालच्या आतल्या पत्र्याची नको असलेली भोकं वेल्डिंगने बुजवून घेतली होती, घासून सारखी केली होती आणि बाहेरच्या बॉडीचाच रंग आत मारला होता. टॅपेट कव्हर पावडर कोट केलेलं, होज पाइप नवे, क्लिपांची तोंडं सगळी एकाच दिशेला. बेळगावात ओतकाम आणि मशिनिंग जाणणारे हात गल्लोगल्ली आहेत. कागदावर ब्रॅकेट काढून दिला की तसाच ॲल्युमिनियमचा करून मिळतो. अशा गावात बॉनेटखालचं काम देखणं व्हायलाच हवं.

अडचण सुरू होते ती "मामा, एकबी वायर दिसाय नको बघा" इथून. मग हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) आतून फिरवायचं ठरतं. वरून स्वच्छ दिसतं, पण फेंडरच्या आत चाक फिरतं. पावसाळ्यात तांबडी माती त्या सांदीत थापून बसते, ओल धरते आणि वायरींचे जोड हिरवे पडतात. गाडी उभी राहिली तर उंदीर आहेतच. बिघाड शोधायचा म्हणजे चाक काढा, लायनर काढा, तेव्हा वायर हाताला लागते. लपवायचंच असेल तर हार्नेस जाड नळीतून न्यावं, पत्र्याच्या प्रत्येक भोकाला वायर घासू नये म्हणून रबरी कडं (ग्रोमेट) असावं, आत कुठेही जोड नसावा आणि दोन्ही टोकांना वीतभर वायर जास्तीची सोडावी. एवढं पाळलं तर मी आनंदाने लपवून देतो. फ्यूज आणि रिले मात्र हात सहज पोचेल तिथेच हवेत.

सगळ्यात जास्त गाड्या माझ्याकडे येतात त्या अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला आणि इंजिनला जोडणाऱ्या वाटेच्या तक्रारीने. आतला पत्रा गुळगुळीत करून रंगवताना अर्थिंगच्या बोल्टाची जागाही रंगाखाली जाते. रंग आणि पावडर कोट, दोन्हीतून वीज जात नाही. मग हेडलाइट मंद होतात, सेल्फ (स्टार्टर) कण्हत फिरतो, तापमानाचा काटा भलतंच दाखवतो, आणि मालक एकामागून एक बॅटऱ्या बदलत बसतो. रंगाआधी त्या जागेवर टेप लावायचा, नंतर पत्रा उघडा ठेवून जाड वेणीची पट्टी घट्ट आवळायची आणि वरून ग्रीस लावायचं. सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन यांच्यात ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त तफावत दिसली तर काम कच्चं आहे असं समजावं.

बॅटरी डिकीत हलवणाऱ्यांनी केबलला बॅटरीजवळच मोठा फ्यूज लावलाच पाहिजे. ती केबल अख्ख्या गाडीच्या पोटातून पुढे येते, कुठे घासली तर आग लागेल. शिवाय साधी ॲसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तो बाहेर काढणारी नळी हवी.

एका कामाला मी हात लावत नाही. जागा मोकळी दिसावी म्हणून ब्रेकचा व्हॅक्यूम बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवून देणारा डबा, काढून टाकायचा. पेडल दगडासारखं होतं, गाडी थांबायला पायात सगळा जोर लागतो. वंटमुरीच्या उतारावर पुढे उसाचा ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या असताना असल्या गाडीत कुणाचं तरी पोर बसलेलं असतं. याला सजावट म्हणणं मला मान्य नाही, आणि अशा गाडीला बक्षीस मिळालेलं बघून मला फार त्रास होतो.

थंड ठेवण्याचंही तसंच. रेडिएटरच्या मागचं प्लॅस्टिकचं कवच कुरूप दिसतं म्हणून काढतात, पण त्याच्यामुळेच फॅन सगळ्या जाळीतून हवा ओढतो. कवच गेलं की फॅनच्या पुढ्यातला तेवढाच भाग काम करतो आणि चन्नम्मा सर्कलच्या गर्दीत काटा वर चढतो. रेडिएटरच्या झाकणामुळे आत बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार जास्त दाब राहतो, म्हणून नुसतं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. ते झाकण चकाकणारं आणि हलक्या प्रतीचं बसवलं की हा फायदा गेला. कूलंटची टाकी आत दडवली तर पातळी बघणार कशी? ॲल्युमिनियमची सुंदर टाकी करून घ्या, पण तिला पातळीची काच ठेवा.

आणि उघडा एअर फिल्टर. कंपनीचा काळा डबा कितीही बेढब असला तरी तो इंजिनच्या उष्णतेपासून दूरची, कोरडी हवा घेतो. तो फेकून इंजिनच्या तापलेल्या मॅनिफोल्डशेजारी उघडा फिल्टर लावला की आधी तापलेली हवा आत जाते. पावसाळ्यात चोर्ल्याच्या वाटेवर कणकुंबीच्या आसपास रस्त्यावर पाणी साचलं की तेच पाणी इंजिनात शिरू शकतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. मग पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. डबा नको असेल तर फिल्टरभोवती पत्र्याची बंदिस्त पेटी करून तिला पुढून, उंचावरून हवा द्या. ती पेटीही देखणी करता येते.

आता विनंती. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला १९५० पासून मोटारींचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे १९९८ पासून आधी गाड्या रस्त्यावरून चालवत नेण्याचा फेरा असतो, आणि एखाद्या गटात दोन गाड्यांची बरोबरी झाली तर तो फेरा पूर्ण केलेल्या गाडीला झुकतं माप मिळतं. कोट्यवधींच्या गाड्या चालवून दाखवतात, तर आपल्याला काय हरकत आहे? आपल्याकडे शंभरातले निदान तीस गुण कामाच्या बाजूला ठेवावेत. गाडी उन्हात दहा मिनिटं सुरू ठेवावी. मालकाने स्वतः डिपस्टिक काढून ऑइल दाखवावं, कूलंटची पातळी दाखवावी आणि परीक्षक सांगतील तो फ्यूज पाना न लावता बदलावा. मूळ बूस्टर जागेवर नसेल तर गाडी स्पर्धेबाहेर. जी फक्त मांडण्यासाठीच बनवली आहे आणि ट्रकवरून येते तिचा गट वेगळा ठेवा, म्हणजे तिच्यावरही अन्याय नको.

पुढच्या प्रदर्शनासाठी कुठल्याही मंडळाने किंवा कॉलेजने ही पद्धत घ्यायचं ठरवलं, तर अर्थिंग आणि वायरिंग तपासायला मी मल्टिमीटर घेऊन येईन. मानधन नको. निपाणीपर्यंतही येईन, फक्त रविवार असावा.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन
उद्यमबाग, बेळगाव