फरशीवरचं पाणी घराघरांतल्या फोनवर आणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

नाव छापायचं नाही, ही तुमची अट पाळते आहे. पण पत्र उघडच लिहिते. शेजारच्या ग्रामपंचायतींतून सारखी विचारणा होते, की तुमच्या फरशीवरच्या (ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरच्या) कॅमेऱ्याचं चित्र सगळ्यांच्या मोबाइलवर कसं काय दिसतं, आमचं तर सरपंचांच्या फोनपुढे जात नाही. दर वेळी मी अर्धंमुर्धं सांगते. एकदा नीट लिहून ठेवलं म्हणजे त्यांचंही काम होईल आणि तुमचे आभारही राहून जाणार नाहीत.

कॅमेरा तुमच्या आधीपासून होता, हे मुद्दाम सांगायला हवं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं आणि आपल्याकडेही सगळ्यांनी धास्ती घेतली. पऱ्या, म्हणजे आपला ओढा, लहान असला तरी त्याची खोड आपल्याला ठाऊक आहे. इथे लख्ख ऊन असतं, वर सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळत असतो, आणि बघता बघता फरशी पाण्याखाली जाते. म्हणून पंचायतीने फरशीजवळच्या खांबावर कॅमेरा चढवून घेतला. ठेकेदार एक ॲप टाकून देऊन निघून गेला. ते ॲप सरपंचांच्या आणि माझ्या फोनवर चालायचं; तिसऱ्याने उघडलं की पहिला बाहेर फेकला जायचा. मग पावसाळाभर माझा फोन खणखणायचा. "अगो, पाणी उतरलं काय?" संगणक परिचालक म्हणून दाखले द्यायचे, की लोकांना पाणी सांगत बसायचं?

तुम्ही टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन गावी आलात आणि पंचायतीत घरपट्टी भरायला म्हणून आलात, तेव्हा हे सगळं तुमच्या कानावर पडलं. कॅमेरा कुठल्या कंपनीचा, हे तुम्ही विचारलंच नाहीत. "बघणार कोण?" एवढंच विचारलंत, आणि मला यादी करायला बसवलंत. वस्तीच्या एस.टी.चा ड्रायव्हर. शाळेतल्या गुरुजींकडचा जुना टॅबलेट. गणपतीला गाडी घेऊन येणारे मुंबईकर, त्यातल्या निम्म्यांच्या हातात आयफोन. नातवाने टाकून दिलेला, काच तडकलेला फोन वापरणारी वरच्या वाडीची म्हातारी. यादी वाचून म्हणालात, "ॲप नको, पासवर्ड नको. दुवा दाबला की पाणी दिसलं पाहिजे." पुढचं सगळं काम त्या एका वाक्यातून निघालं.

अडचण काय होती, ती इतरांसाठी लिहिते. असले कॅमेरे चित्र देतात ते आरटीएसपी नावाच्या पद्धतीने, आणि फोनमधल्या ब्राउझरला ते वाचताच येत नाही. इंटरनेटवर जुने उपाय सापडतात ते फ्लॅशचे. आयफोनवर फ्लॅश कधी चाललंच नाही आणि २०२० च्या अखेरीला ते सगळीकडूनच गेलं. तुम्ही धरलंत एचएलएस. ॲपलने ते २००९ मध्ये आणलं, आज अँड्रॉइडवरही चालतं. त्यात चित्राची सलग धार पाठवत नाहीत. काही सेकंदांचे तुकडे करतात आणि सोबत तुकड्यांची यादी देतात. फोन यादी वाचतो आणि साध्या वेबपानासारखा एकेक तुकडा मागून घेतो. "अख्खा फणस कोणाच्या दारात नेऊन टाकायचा नाही, गरे काढून द्यायचे," हे तुमचं वाक्य मी आता सगळ्यांना ऐकवते.

मग राउटरची सेटिंग्ज उघडलीत. इंटरनेटचा पत्ता १०० ने सुरू होणारा दिसला आणि तुम्ही हसलात. आपल्या इंटरनेटवाल्याने बऱ्याच गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलेला, त्यामुळे बाहेरून आत शिरायला वाटच नव्हती. ठेकेदाराचा माणूस 'पोर्ट उघडतो' (म्हणजे राउटरमधून आत यायचं दार) म्हणत दोनदा येऊन गेला होता, ते कशासाठी कोण जाणे. तुम्ही उलटी वाट काढलीत. पंचायतीच्या कपाटावर ठेवलेला रास्पबेरी पाय नावाचा छोटासा संगणक कॅमेऱ्याकडून चित्र घेतो, एफएफएमपेग या प्रोग्रॅमने त्याचे चार-चार सेकंदांचे तुकडे करतो आणि आतून बाहेर, भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर ढकलतो. बघणारे सगळे तिथून घेतात. चाळीस माणसं एकदम बघायला लागली तरी पंचायतीच्या लाइनवरून एकच प्रत जाते. सर्व्हरचं भाडं मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने उचललं. त्यांची ती सभा चहा-बिस्किटांसकट तीन तास चालली, पण ते असो.

कॅमेरा एच.२६५ या, चित्र दाबून लहान करायच्या नव्या पद्धतीवर लावलेला होता. जागा वाचते म्हणे, पण जुन्या फोनवर नुसता काळा चौकोन दिसायचा. तुम्ही तो जुन्या एच.२६४ वर आणलात, सेकंदाला पंधरा चित्रं, आणि दर दोन सेकंदांनी एक पूर्ण चित्र (मधल्यांत नुसता बदल असतो), म्हणजे तुकडा नेमका तिथेच कापता येतो. कॅमेऱ्यातूनच योग्य रूपात निघालं की पायला चित्र नव्याने घडवावं लागत नाही, नुसतं पुढे द्यायचं, म्हणून एवढीशी पाटी तापत नाही. मोठं चित्र साधारण ८०० केबीपीएस, म्हणजे तासाला ३६० एमबी. ज्यांचा रोजचा डेटा दीड जीबी, त्यांना ते परवडणार कसं? त्यांच्यासाठी लहान चित्र वेगळं ठेवलंत, आणि त्याहून गरिबांसाठी दर दहा सेकंदांनी बदलणारा नुसता फोटो. ड्रायव्हरदादा तोच बघतात.

आवाज तुम्ही मुळातूनच काढून टाकलात. आयफोन आवाज बंद असेल तरच व्हिडिओ आपोआप चालू करतो, हे एक कारण. दुसरं तुम्ही हळूच सांगितलंत, की फरशीवर थांबलेली माणसं काय बोलतात ते मुंबईने ऐकायचं कारण नाही. कातळावर बायका धुणं धुतात तो कोपराही कॅमेऱ्यातूनच झाकलात. चित्रात डावीकडे तो काळा चौकोन दिसतो. तो बिघाड आहे अशी तक्रार अजून येते, आणि तक्रार करणारे पुरुषच असतात, एवढंच नोंदवते.

पण आभार मानायचे ते खरे एका दुपारसाठी. सगळं जुळलं होतं, टॅबलेटवर फरशी झकास दिसत होती. गुरुजी म्हणाले, चित्र पंधरा-वीस सेकंद मागे आहे, ते कमी करा. तुम्ही म्हणालात, "पऱ्याला व्हिडिओ कॉल करायचाय काय? वीस सेकंदांत तो चढत नाही." मग कोणाला न सांगता कपाटामागची वायर उपटलीत, थोडा वेळ इकडचं तिकडचं बोललात आणि माझा फोन माझ्यापुढे धरलात. "सांग, पाणी किती?" मी बघितलं. फरशी कोरडी, खांबावरचे लाल-पांढरे पट्टे सगळे उघडे. तसं सांगितलं. "हे केव्हाचं?" तुम्ही विचारलंत, आणि मला उत्तर देता आलं नाही. शेवटचा तुकडा संपला की फोन त्या शेवटच्या चित्रावरच उभा राहतो, आणि वाहत्या पाण्याशिवाय हलणारं तिथे काहीच नसल्याने थांबलेलं चित्र ओळखू येत नाही. भर पावसात वाडीतला पोरगा दोन तासांपूर्वीची कोरडी फरशी बघून बाइक घालेल, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानंतर आणखी आठवडा तुम्ही त्यावरच घालवलात. चित्रावर ठळक घड्याळ आलं. तुकड्यांची यादी मधे कुठे साठून शिळी राहू नये, दर वेळी ताजीच मिळावी, अशी व्यवस्था केलीत. आणि पान स्वतःच तपासतं, की शेवटचा तुकडा पाऊण मिनिटाहून जुना झाला का, झाला की चित्र झाकून लाल पट्टी येते: "चित्र बंद आहे. भरवसा ठेवू नका. पंचायतीला फोन करा." ठेकेदाराच्या ॲपमध्ये असलं काही नव्हतं. गेल्या श्रावणात झाड पडून फायबर तुटली तेव्हा ती पट्टी आली आणि एस.टी. अलीकडेच थांबली. प्रवाशांनी शिव्या घातल्या त्या मला. खुशाल घालोत.

कोळ्यांचं लिहिलं नाही तर हे पत्र अपुरं राहील. रात्री कॅमेऱ्याच्या अदृश्य दिव्यांवर किडे यायचे, किड्यांमागे कोळी, आणि काचेसमोरचं जाळं दिव्यात असं उजळायचं की फरशीच्या जागी पांढरा पडदा. पंचायतीने आधी माणूस लावून झाडूने जाळी काढली, रोज. तुम्ही कॅमेऱ्यातले दिवे बंद केलेत आणि वेगळा दिवा दूरच्या खांबावर लावलात. किडे तिकडे, कोळी तिकडे.

केंब्रिजच्या कॉफीच्या भांड्याची गोष्ट तुम्हीच सांगितलेली. १९९१ मध्ये तिथल्या संगणकवाल्यांनी भांड्यावर कॅमेरा लावला, कारण जिने उतरून जावं तर भांडं रिकामं. पुढे ते वेबवर आलं आणि २००१ पर्यंत जगभरचे लोक ते भांडं बघत होते. आपल्याकडे कॉफी नाही, पण हेलपाटा तोच.

तुम्ही लिहून दिलेली वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. 'लाइट जाऊन आल्यावर', 'चित्र हिरवं दिसलं तर', 'पासवर्ड बदलणे', सगळं मराठीत आणि तुमच्या त्या तिरक्या अक्षरात. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच तुम्हाला फोन न करता मी पाय नव्याने उभा केला. वहीत एका ठिकाणी चूक आहे, मेमरी कार्ड घालण्याआधी वायर काढायची हे राहिलंय. मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

वरच्या वाडीच्या साकवावरही कॅमेरा हवा, असा ग्रामसभेत ठराव झाला आहे. तिथपर्यंत वायर शंभर मीटरच्या पुढे जाते, तेवढ्या लांब चित्र नीट पोचत नाही, म्हणजे मधे नेटवर्कचा स्विच बसवावा लागेल, एवढं मला कळतं. स्विचला लाइट कुठून घ्यायची ते बघायला तुम्ही या. येताना वायरींना टोकं बसवायचा तुमचा चिमटा आणा, पंचायतीचा गंजला.

आपली,
ग्रामपंचायतीतली संगणकवाली